ब्रेक शाबूत होते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आतल्या पानावर, परदेशी घडामोडींमध्ये, चार-पाच ओळींची एक बातमी होती. इंग्लंडमध्ये गावाकडच्या एका गवती धावपट्टीवर उतरताना दोन आसनी विमान थांबलंच नाही, टोकाच्या झुडपी कुंपणात घुसलं. वैमानिक आणि सोबतचा मित्र किरकोळ जखमी. 'ब्रेक निकामी झाल्याने अपघात'. शेजारी फोटो, नाक मातीत आणि शेपूट आभाळात. बातमी छापल्याबद्दल काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते कारणाबद्दल, आणि ते कळवायचं धाडस करतोय ते एवढ्याचसाठी की असल्या विमानांवरच माझं पोट चालतं.

मी मूळचा फुरसुंगीचा. गेली बरीच वर्षं बर्कशायरमध्ये लहान विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये काम करतो. शेडच्या दारातून गवताची धावपट्टी दिसते आणि तिच्या टोकाचं कुंपणही दिसतं. एप्रिल सरला, दिवस मोठे झाले, की आसपासच्या शेतांतल्या धावपट्ट्यांवरून विमानं पंख उतरवून ट्रेलरवर आमच्याकडे यायला लागतात. मागोमाग मालक येतो. चहाचा मग हातात आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: ब्रेक लागलेच नाहीत. पोलिसाला, विमा कंपनीला, बायकोला तो तेच सांगून आलेला असतो. आपल्या बातमीतही ते अशाच वाटेने आलं असणार.

मग आम्ही ब्रेक तपासतो. लहान विमानाचा ब्रेक म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पंखांखालच्या दोन चाकांना एकेक डिस्क आणि तिला चिमटीत धरणारा एकेक कॅलिपर, आणि पायातल्या पॅडलचं वरचं टोक दाबलं की तो लागतो. तेल गळतंय का, पॅड किती झिजलेत, डिस्क गंजली आहे का, पॅडल घट्ट लागतं की तळाला जातं, एवढं बघायला फार वेळ लागत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा बहुतेक विमानांचे ब्रेक ठणठणीत होते. चाकांवरची झाकणं काढली की आत चिखल आणि गवत ठासून भरलेलं सापडतं, आणि टायरवर एकाच जागी हिरवा डाग. डांबरावर चाक अडकून घसरलं तर टायर त्या जागी घासून सपाट होतो, आतलं कापड दिसायला लागतं. गवतावर रबर झिजत नाही, नुसतं हिरवं होतं. एकाच जागी हिरवं, याचा अर्थ चाक फिरतच नव्हतं. म्हणजे ब्रेकने आपलं काम चोख केलं होतं, चाक थांबवलं होतं. विमान थांबवायचं ते चाकाखालच्या जमिनीने, आणि गवत ओलं असेल तर ती जमीन हात वर करते.

प्रोपेलर पाहिला की आणखी थोडं कळतं. इंजिन जोरात चालू असताना पाती जमिनीला लागली तर त्यांची टोकं साधारणपणे पुढे वळतात. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, बंद असेल तर पाती मागे दुमडतात. आमच्याकडे येणाऱ्यांतली बहुतेक मागे दुमडलेली असतात. म्हणजे कुंपण समोर येईपर्यंत वैमानिकाने पुन्हा उडायचा विचारसुद्धा केलेला नव्हता. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि वैमानिकाची जागा यांच्या मधल्या, पत्र्याला सुरकुत्या असतील तर तो वैमानिक नाकाच्या चाकावर आपटला, उसळला, पुन्हा आपटला असणार. सेसना बनावटीच्या लहान विमानात नाकाच्या चाकाचा दांडा त्याच पत्र्याला धरलेला असतो. मालक चहा पीत बोलत असतो, आणि विमान त्याच्या पाठीमागे उभं राहून वेगळीच हकीकत सांगत असतं. त्याच्या तोंडावर मी हे कधी बोलत नाही. इंजिन चालू असताना प्रोपेलर जमिनीला लागला की आख्खं इंजिन उघडून क्रँकशाफ्टला तडा गेलाय का ते बघावं लागतं, आणि जुन्या सेसनाच्या बाबतीत तो खर्च ऐकूनच विमा कंपनी विमान भंगारात काढायला निघते. बिचाऱ्याला तेवढा धक्का पुरे.

आता थोडे आकडे. मला वाटतं बातमीत यातला एक तरी आकडा हवा होता. सेसना १५२ हे जगभर शिकाऊ वैमानिकांच्या हाती असलेलं दोन आसनी विमान; महाराष्ट्रातही ते उडतं. त्याच्या पुस्तिकेप्रमाणे पूर्ण वजन, समुद्रसपाटी, २० अंश तापमान, वारा नाही, कोरडी सपाट डांबरी धावपट्टी, आणि ५४ नॉटने (ताशी साधारण १०० किलोमीटर) नेमकं आलेलं विमान, असं सगळं जुळून आलं तर ५० फुटी अडथळ्यावरून येऊन पूर्ण थांबेपर्यंत १२१५ फूट लागतात, म्हणजे साधारण ३७० मीटर. त्यातले जमिनीवरचे फक्त ४८५ फूट. बाकीचे ७३० फूट विमान अजून हवेतच असतं! अर्ध्याहून जास्त अंतर तर ब्रेकचा काही संबंधच नसताना खर्ची पडतं, आणि दोष मात्र ब्रेकला.

ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने खासगी वैमानिकांसाठी एक छोटी पत्रिका काढलेली आहे. ती म्हणते, कोरडं गवत असेल तर पुस्तिकेतल्या अंतरात १५ टक्के वाढवा, ओलं असेल तर ३५. गवत अगदी बारीक कापलेलं, ओलं आणि खालची जमीन टणक असेल तर ६० टक्क्यांपर्यंत. उतारावर उतरत असाल तर दर २ टक्के उताराला आणखी १० टक्के. वारा पाठीमागून, आणि तो उतरण्याच्या वेगाच्या एक दशांश असेल, म्हणजे या विमानाला जेमतेम पाच नॉट, तर आणखी २० टक्के. हे सगळं एकमेकांत मिळवायचं नाही, एकमेकांनी गुणायचं. आणि आलेल्या उत्तराला वर १.४३ ने गुणायचं, कारण पुस्तिकेतलं अंतर नव्या विमानाने आणि मुरलेल्या वैमानिकाने काढून दाखवलेलं असतं. आपल्या ३७० मीटरचे ओल्या गवतावर ५०० होतात आणि सुरक्षेचा गुणक लावून ७१४. बारीक कापलेल्या ओल्या गवतावर ८४७. शेतातली धावपट्टी मात्र अनेकदा चारशे-पाचशे मीटरचीच असते.

त्या ६० टक्क्यांवर लोकांचा विश्वास बसत नाही. मालकाने आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर फिरवून गवत गालिच्यासारखं करून ठेवलेलं असतं, वरून बघताना डोळ्यांना गार वाटतं, पाऊस तर आठवडाभर पडलेला नसतो. पण सकाळी नऊ-साडेनऊला त्यावर दव असतं. इथे उन्हाळ्यात रविवारी सकाळी एकमेकांच्या धावपट्टीवर नाश्त्याला उडत जायची पद्धत आहे, आणि नेमकी तीच दवाची वेळ. वैमानिक जमिनीवरून विचारतो, पाऊस झाला का? मालक प्रामाणिकपणे सांगतो, थेंबही नाही. दोघंही खोटं बोलत नसतात. त्यापेक्षा 'आत्ता गवतातून चालत गेलो तर बूट भिजतील का' असं विचारलेलं बरं. आमच्या शेडमधला म्हातारा फोरमन फोनवर हाच प्रश्न विचारायला लावतो.

आता वेगाकडे येतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. इकडच्या वैमानिकांत जुना विनोद आहे: ठरलेल्या वेगावर पाच नॉट बायकोसाठी आणि पाच पोरांसाठी. वेग जास्त म्हणजे विमान हवेतून गळणार नाही, म्हणून काळजीपोटी थोडा वाढवायचा. पण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ५४ च्या जागी ६४ नॉट धरले तर अंतर साधारण ४० टक्क्यांनी वाढलं. शिवाय जास्त वेगाचं विमान जमिनीच्या जवळ आलं की बसायला तयारच होत नाही, हातभर उंचीवर तरंगत पुढे पुढे जात राहतं, आणि खाली धावपट्टी संपत जाते. मग वैमानिक घाईघाईने नाक खाली दाबतो. पुढचं चाक आधी टेकतं, पंख अजून वजन धरून असतात, ज्या दोन चाकांना ब्रेक आहेत त्यांच्यावर भारच नसतो. अशा वेळी ब्रेक दाबणं म्हणजे पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर सपाता घालून धावत येऊन एकदम थांबणं.

ब्रेकशिवाय भागतं की नाही, हेही आमच्या दारातूनच दिसतं. मैदानावर एक टायगर मॉथ आहे, दोन पंखी, १९३० च्या दशकातल्या घडणीचं. त्याला ब्रेक मुळात नाहीतच. चाकं आहेत, शेपटीखाली एक लोखंडी खूर आहे, तो गवतात रुतत रुतत विमानाला थोपवतो. ते विमान आमच्या मैदानावर सगळ्यांत आखूड जागेत थांबतं, कारण ज्याच्याकडे ब्रेक नाहीत तो वैमानिक ५० फुटांवरच वेगाचा हिशोब पुरा करून आलेला असतो. गवत म्हणजे काही मागासपणाही नव्हे. लंडनच्या पश्चिमेला आमच्या या भागातच व्हाइट वॉल्थमचं विमानांचं मैदान आहे, आजही गवताचंच. दुसऱ्या महायुद्धात नवी लढाऊ विमानं तळांवर पोहोचवणाऱ्या एअर ट्रान्सपोर्ट ऑग्झिलरीचं मुख्यालय तिथे होतं, आणि त्या दलात स्पिटफायर चालवणाऱ्या बायकाही होत्या.

ही शिस्त मी पहिल्यांदा पाहिली ती मात्र इंग्लंडात नव्हे. फुरसुंगीच्या आमच्या पोरांना हडपसरचं ग्लायडिंग सेंटर फार लांब नव्हतं. विंचने, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राने, दोरीवर वर ओढलेला ग्लायडर दोरी सोडायचा, सावकाश फेरी घ्यायचा आणि त्याच गवताळ मैदानावर उतरायचा. ग्लायडरला इंजिन नाही. चुकलं तर पुन्हा वर जाऊन येऊ, ही सोय नाही. म्हणून उतरायचा निर्णय वरच होतो, कुठे टेकायचं ती जागा आधी नक्की होते. इंजिनवाल्यांना ती सोय असते, आणि गंमत म्हणजे तेच ती वापरत नाहीत.

का वापरत नाहीत? मला विचाराल तर बाकामुळे. क्लबच्या दाराशी धावपट्टीकडे तोंड करून एक लाकडी बाक असतो. त्यावर चार जुने वैमानिक आणि एक कुत्रा. येणाऱ्या प्रत्येक विमानाला ते मनातल्या मनात गुण देत असतात. कोणी धावपट्टीवरून न टेकता पुन्हा वर गेला की बाकावर हसू पसरतं. वैमानिकाला ते वरून दिसत नाही, पण ठाऊक असतं. सोबत मित्राला बसवून आणलेलं असलं तर आणखीच. थ्रॉटल पुढे ढकलायचा, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, थोडे आवरायचे, एक फेरी मारून पुन्हा यायचं, पाच मिनिटांचं काम. ते करायला माणूस लाजतो आणि कुंपणात जातो. आमच्याकडे आता कोणी असा परत वर गेला की तो उतरल्यावर फोरमन मुद्दाम बाहेर जाऊन त्याला चहा देतो. बाकावरच्यांना देत नाही.

मात्र परत वर जायचं ते वेळेवर. धावपट्टीचा पहिला तृतीयांश संपेपर्यंत चाकं टेकली नाहीत तर लगेच वर, हा इथला साधा नियम. काही जण त्या जागी बाजूला पांढरा डबा ठेवतात. डबा मागे पडल्यावर, ब्रेक दाबून झाल्यावर, कुंपण शंभर मीटरवर आल्यावर पूर्ण फ्लॅप आणि ११० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या जिवावर उडायचा प्रयत्न म्हणजे झाडाच्या शेंड्याशी गाठ. कुंपणात हळू वेगाने घुसलेला माणूस बाहेर येऊन चहा पितो. पन्नास फुटांवरून विमान गळालं तर ते आमच्या शेडमध्ये येत नाही, तपास यंत्रणेच्या शेडमध्ये जातं.

टाटांचं पहिलं टपाल विमान आपल्या मुंबईत ज्या जमिनीवर उतरलं तीसुद्धा असलीच होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ हे छोटं विमान घेऊन जुहूला उतरले, तेव्हा तिथे डांबर नव्हतं, समुद्राकाठचं मातीचं सपाट मैदान होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. मग टाटांच्या मंडळींनी काय केलं? पावसाळ्यापुरतं बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवलं. जमीन ओली आहे, तिथे उतरायचं नाही, विषय संपला. आजच्या वैमानिकाच्या हातात टॅब्लेट आहे, त्यावर वारा, ढग, धावपट्टीची लांबी सगळं दिसतं; गवत ओलं आहे का, तेवढं दिसत नाही.

हे सगळं मराठी वर्तमानपत्राला का लिहितोय, असं आपण म्हणाल. बारामती, धुळे, गोंदिया इथे आपली मुलं उडायला शिकतात. कितीतरी मुलं परदेशी जाऊनही शिकतात. आपल्याकडच्या या धावपट्ट्या डांबरी आहेत आणि सेसना १५२ ला हव्यात त्यापेक्षा कितीतरी लांब आहेत. तिथे दहा नॉट जास्त घेऊन उतरलं तर काहीच होत नाही. विमान थोडं पुढे जाऊन थांबतं, वळून परत येतं, शाबासकीही मिळते. सवय मात्र तिथेच लागते, आणि तिची किंमत पुढे कधीतरी न्यूझीलंडच्या किंवा इंग्लंडच्या एखाद्या आखूड गवती पट्टीवर द्यावी लागते. इथे उड्डाणाचे तास पुरे करायला आलेली आपल्याकडची मुलं मला भेटतात. मराठी ऐकून खुलतात, शेडमध्ये येऊन बसतात. हुशार असतात, नियम तोंडपाठ असतात. तुझ्या पुस्तिकेतलं अंतर गवतावर किती होतं, असं विचारलं की काही जण थबकतात. ही चूक त्यांची नाही; त्यांना तो प्रश्न कधी पडावा अशी जमीनच पायाखाली आली नव्हती. अशा मुलाच्या बापाने आपल्या पेपरात 'ब्रेक निकामी' वाचलं, तर तो फोन करून पोराला सांगणार, बाबा रे, विमान घेताना ब्रेक नीट बघून घे. पोरगं म्हणणार, बघितलेत. दोघंही निश्चिंत.

उतरतानाच्या अपघाताची बातमी देताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात, ही विनंती: धावपट्टी किती लांब, डांबरी की गवती, ओली की कोरडी, आणि वारा कुठून होता. जागेच्या हिशोबाने एक ओळ वाढेल. यंत्रात बिघाड होता की नाही हे पहिल्या दिवशी कोणालाच माहीत नसतं, तेव्हा 'वैमानिकाच्या म्हणण्यानुसार' एवढे दोन शब्द घातले तरी चालेल.

त्या विमानाचा अहवाल यथावकाश ब्रिटनच्या अपघात तपास शाखेच्या मासिक पत्रिकेत येईल. असे लहान अपघात तिथे बहुधा वैमानिकाने स्वतः भरून दिलेल्या अर्जावरून दोन-तीन पानांत मांडलेले असतात. कोणाला दोषी ठरवण्यासाठी नव्हे, पुन्हा होऊ नये म्हणून. भाषा सोपी असते आणि वाचायला पैसे पडत नाहीत. आपल्या वार्ताहराला वेळ नसेल तर मी त्याचा दीडशे शब्दांत मराठी गोषवारा करून पाठवीन, मानधन नको. आणि ब्रेक खरोखरच निकामी निघाले, तर तेही तसंच लिहून पाठवीन.

आपला,
फुरसुंगीचा एक वाचक,
मुक्काम बर्कशायर, इंग्लंड